एक टन ऊस, ११० किलो गूळ: बाकीच्या वजनाचा हिशेब

प्रकरण करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरचं. शेतकऱ्याचं स्वतःचं गुऱ्हाळ नव्हतं, म्हणून त्याने ऊस दुसऱ्याच्या घाण्यावर नेला. गूळ शेतकऱ्याचा, मालकाला गाळपाचे पैसे, असा व्यवहार. काट्यावर एक टन भरलेल्या उसाचं एक आदण, म्हणजे काहिलीतली एक खेप, निघालं, त्यात ११० किलो गूळ पडला आणि शेतकऱ्याचं तोंड उतरलं. गेल्या साली त्याच शेतातल्या उसाला टनामागे १२० किलो उतारा पडला होता.

या खेपेला त्याने मधले आकडेही वहीत टिपले होते. रसाच्या टाकीवरच्या खुणेप्रमाणे ५६० लिटर रस. घाण्यातून बाहेर पडलेली ओली चिपाडं ४०० किलो. दोन्ही मिळून ९६०. म्हणजे रस काहिलीत पडायच्या आधीच ४० किलो गायब! पुढे ५६० चे ११० झाले, तिथे ४५० गेले ते वेगळेच. "उसातलं ४० किलो घाण्यानं खाल्लं व्हय?" हा त्याचा सवाल. त्यात काय सुचवायचं होतं ते मालकालाही कळलं आणि गूळ शिजवणाऱ्या गुळव्यालाही.

हे प्रकरण मी नववीच्या वर्गात घेतो. 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात द्रव्य अक्षय्यतेचा नियम येतो. रासायनिक अभिक्रियेत द्रव्य निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, हे वाक्य पोरं पाठ म्हणतात आणि पाच मिनिटांनी "लाकूड जळून त्याची एवढीशी राख होते" असंही सहज म्हणून जातात. दोन्ही वाक्यं एकाच डोक्यात सुखाने नांदतात. गुऱ्हाळावर ती एकमेकांसमोर उभी राहतात, कारण तिथे वजनाला पैसे लागतात. खाली वापरलेले आकडे आमच्या भागात सर्रास येतात तसेच आहेत, फक्त हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत.

पहिले ४० किलो

ते गुळव्याने दोन मिनिटांत शोधून दिले. "रस म्हंजे काय पाणी हाय व्हय?" एवढंच तो म्हणाला आणि एका डब्यात एक लिटर रस घालून तराजूवर ठेवला. काटा एक किलो ओलांडून पुढे गेला.

रसात साखर विरघळलेली असते, म्हणून तो पाण्यापेक्षा जड. १८ ब्रिक्सचा रस, म्हणजे १०० किलो रसात विरघळलेला ऐवज १८ किलो, अशा रसाचं एक लिटर साधारण १.०७४ किलो भरतं. ५६० ला १.०७४ ने गुणलं की ६०१ येतात, ६०० धरू. चिपाडांचे ४०० मिळवले की झाला टन पुरा.

यात कुणाचीच लबाडी नव्हती. शेतकऱ्याने किलोत लिटर मिळवले होते. नियम वस्तुमानाचा आहे, आकारमानाचा नाही. साखर पाण्यात विरघळली की दोघांचं मिळून आकारमान बेरजेपेक्षा थोडं कमी भरतं, वस्तुमान मात्र बरोब्बर बेरजेइतकंच. भौतिक बदलाची आमची नेहमीची उदाहरणं म्हणजे बर्फ वितळणं आणि मीठ विरघळणं. पण लिटर-किलोच्या या गफलतीत पोरांना जितका नियम कळतो तितका मी कुठल्याच उदाहरणात कळलेला पाहिला नाही.

चिपाडात काय गेलं

खरी घट इथे आहे, पण तिच्याबद्दल कोणी हाकाटी करत नाही.

एक टन उसात धागा, म्हणजे चोथा, साधारण १४० किलो. उरलेला ८६० किलो सगळा रस. त्यातला ६०० किलो तीन लाटांच्या घाण्याने काढला, मग २६० किलो रस राहिला कुठे? चिपाडात. ४०० किलो ओल्या चिपाडातले १४० किलो धागा आणि २६० किलो रस. त्या रसातला विरघळलेला ऐवज १८ टक्क्यांनी सुमारे ४७ किलो. गुळासाठी काहिलीत गेला तो ऐवज ६०० चे १८ टक्के, म्हणजे १०८ किलो. थोडक्यात, उसातल्या १५५ किलो ऐवजातला जवळजवळ एक तृतीयांश घाण्यानेच बाजूला टाकला. साखर कारखाना हेच चिपाड एकापाठोपाठ एक गिरण्यांतून नेतो, वर पाणी मारून पुन्हा पिळतो आणि बहुतेक सगळी साखर काढून घेतो. गुऱ्हाळाला ती सोय नाही. ओलं चिपाड तोंडात धरून चोखलं तर अजून गोड लागतं. शेतकरी ते वर्षानुवर्षं बघत आलाय, पण ती गोडी त्याने कधी वहीत मांडली नाही.

काहिलीतला हिशेब

६०० किलो रस काहिलीत गेला. त्यातला १०८ किलो विरघळलेला ऐवज, ४९२ किलो पाणी. पण आत गेलं ते एवढंच नाही. रानभेंडीची झाडं ठेचून बादलीत भिजवतात आणि त्याचं बुळबुळीत पाणी रसात ओततात, म्हणजे रसातली घाण, तिला मळी म्हणतात, ती धरून वर येते. हे पाणी धरू १० किलो. मूठभर चुना पडतो, आणि उतू जाऊ नये म्हणून तेलाचे चार थेंब. चुना आणि तेल नगण्य, पण भेंडीचं पाणी नगण्य नाही. शेतकऱ्याच्या वहीत ते नव्हतंच. उसातून आलं नाही म्हणून मोजलं नाही, असं त्याचं म्हणणं. काहिलीला कुठलं पाणी उसाचं आणि कुठलं बादलीचं हे कळत नाही. आत गेलेलं सगळं मांडायचं, ते कुठून आलं हा प्रश्न निराळा.

आत ६१० किलो. बाहेर आलं ते गूळ ११० किलो आणि मळी २० किलो. उरले ४८० किलो, ते वाफ होऊन गेले.

रस सुरुवातीला १०० अंशांच्या आसपास उकळतो. पाणी उडत जातं तसा ऐवज दाट होतो आणि उत्कलनबिंदू चढत जातो. शेवटी ११६ ते ११८ अंशांना गूळ उतरवायची वेळ येते. गुळव्या थर्मामीटर लावत नाही. पाक गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळतो, ती कशी बसते यावरून त्याला कळतं. थोडं आधी उतरवलं तर काकवी, उशीर झाला तर करपा. दोन-अडीच तास ४८० किलो पाणी असं डोळ्यांदेखत जात असतं, आणि ते दिसत असूनही माणूस ते 'गेलं' असं म्हणतो, 'वर गेलं' असं म्हणत नाही.

पण इथेच या प्रकरणातला सगळ्यात अवघड मुद्दा आहे, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. ४८० हा आकडा आला कुठून? वाफ कुणी मोजली नाही. ६१० तून १३० वजा केले आणि उरले ते वाफेच्या नावावर टाकले. समजा कुणी पाच किलो गूळ खरंच लांबवला असता तर? गूळ १०५, वाफ ४८५, बेरीज पुन्हा ६१०. हिशेब तंतोतंत जुळला असता आणि चोर सुटला असता. एखादी रक्कम वजाबाकीने आली असेल तर बेरीज जुळणं हा पुरावाच नव्हे.

मग करायचं काय? उडून न जाणाऱ्या घटकाचा माग काढायचा. काहिलीतून पाणी जातं, साखर जात नाही. म्हणून पाणी बाजूला ठेवून कोरड्या ऐवजाचाच स्वतंत्र हिशेब मांडायचा. आत आला तो १०८ किलो. ११० किलो गुळात ओलावा साडेपाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६ किलो पाणी आणि १०४ किलो ऐवज. मळीच्या २० किलोत ऐवज साधारण ४ किलो. १०४ आणि ४ मिळून १०८. या हिशेबात वजाबाकीने काढलेलं काहीच नाही. रसाचा ब्रिक्स मोजलेला, गुळाचं वजन मोजलेलं, ओलावा तपासलेला. पाच किलो कमी असते तर इथे उघड पडले असते. गुळव्या निर्दोष ठरला तो या दुसऱ्या हिशेबामुळे.

आदण बघायला गेलो की पोरांना मी एक काम देतो. मळीचं वजन आणि तिचा ओलावा मोजून आणा. मळी कोणालाच नको असते, म्हणून तिचा आकडा नेहमी अंदाजाचा असतो आणि सगळ्या चुका तिच्यात जाऊन लपतात.

साखरेचा जुना हिशेबनीस

फ्रान्समधल्या आंत्वान लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथात हाच प्रकार केला, तोही साखरेवरच. साखर, पाणी आणि यीस्ट तोलून घेतले, आंबू दिले, आणि बाहेर आलेला कार्बन डायऑक्साइड, मद्यार्क, उरलेली साखर असं सगळं दुसऱ्या बाजूला मांडलं. बदलाच्या आधी आणि नंतर द्रव्य तितकंच राहतं, त्यामुळे प्रयोग समीकरणासारखा मांडता येतो, हे त्याने तिथे स्पष्ट लिहिलं. हा माणूस राजासाठी करवसुली करणाऱ्या मंडळीतला भागीदार होता. जमाखर्च त्याच्या हाडात होता, आणि त्याच धंद्यापायी ८ मे १७९४ ला त्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. त्याच्या किण्वनाच्या आकड्यांत पुढे बऱ्याच चुका निघाल्या, पण त्या एकमेकींना छेदून गेल्या होत्या, म्हणून बेरीज छान जुळली होती. नियम खरा निघाला, आकडे सदोष निघाले. आपल्या मळीची आठवण व्हावी असाच हा मामला.

चुलवाणाखाली

काहिलीतला बदल बहुतांशी भौतिक. खाली जळतं ते सगळं रासायनिक, आणि तिथे आकडे उलट्या दिशेने पळतात.

आज जळतं ते आजचं चिपाड नसतं, आधीच्या आदणांचं वाळलेलं असतं. म्हणून जाळाचा हिशेब वेगळा मांडायचा, एकाच दिवसाच्या वहीत कोंबायचा नाही. ४०० किलो ओलं चिपाड आवारात पसरलं की उन्हात त्यातलं पाणी जातं आणि साधारण २१० किलो उरतं. १८७ किलो कोरडा ऐवज, २३ किलो ओलावा. शेतकरी म्हणतो, चिपाड निम्मं झालं. झालं, पण १९० किलो पाणी हवेत गेलं म्हणून. इथवर भौतिकच.

आता ते १८७ किलो जाळायचे. अशा ऐवजात कार्बन साधारण ४६ टक्के, हायड्रोजन ६ टक्के, थोडी राख, बाकी ऑक्सिजन. म्हणजे कार्बन ८६ किलो, हायड्रोजन ११, ऑक्सिजन ८५, राख ५. पूर्ण जळण झालं तर ८६ किलो कार्बनचा ३१५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि ११ किलो हायड्रोजनचं ९९ किलो पाणी. राखेचे ५ मिळवा. एकूण ४१९ किलो.

१८७ जाळले आणि ४१९ निघाले! वर्गात फळ्यावर हा आकडा आला की पोरं गप्प होतात. मग कोणीतरी विचारतं, "सर, वाढलं कसं?" मधले २३२ किलो हवेतल्या ऑक्सिजनचे. चुलवाणाच्या तोंडातून हवा आत ओढली जाते, ती कोणी विकत घेत नाही, तिची पावती होत नाही, म्हणून ती हिशेबात नसते. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन. तेव्हा २३२ किलो ऑक्सिजनसाठी किमान एक टन हवा हवी. एक टन ऊस गाळायला एक टन हवा! बैलगाडीने आणली असती तर तिचीही तोडणी-वाहतूक द्यावी लागली असती. प्रत्यक्षात याहून जास्तच हवा जाते, आणि नायट्रोजन बहुतेक सगळा जसा आला तसा धुराड्यातून वर निघून जातो.

जळण कधीच पूर्ण होत नाही. धुराड्यातून काळा धूर येतो, भिंतीवर काजळी धरते, थोडा कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्यामुळे वरचे आकडे थोडे इकडचे तिकडे होतील, आत गेलेलं आणि बाहेर आलेलं मात्र जुळतच राहील. काजळी म्हणजे कार्बन डायऑक्साइड व्हायचा राहून गेलेला कार्बन, त्या हिशेबाने ऑक्सिजनही तितकाच कमी लागलेला. राख मात्र सगळ्यांना दिसते, हातात घेता येते, म्हणून ती 'उरली' आणि बाकीचं 'संपलं' अशी समजूत होते. ४१९ तले ५ दिसतात आणि ४१४ दिसत नाहीत, एवढाच त्यातला फरक.

एका चौकस पोराने विचारलं होतं की जाळातून एवढी उष्णता निघते, तिचं काही वजन जात नाही का. प्रश्न चुकीचा नाही. १८७ किलो ऐवजातून ढोबळ ३००० मेगाज्यूल ऊर्जा निघते. आइन्स्टाइनच्या सूत्राने ती वस्तुमानात मांडली तर एका मिलिग्रॅमचा सुमारे तिसावा भाग भरते. टनाच्या काट्यावर ते मोजायची गरज नाही.

हवेवरून आठवलं म्हणून सांगतो. शाळेत बाटलीत व्हिनेगर आणि तोंडावर सोडा भरलेला फुगा, असा प्रयोग या नियमासाठी सर्रास करतात. तो या कामाला वाईट आहे. फुगा एक लिटर फुगला की तो तेवढी हवा बाजूला सारतो आणि बारीक काट्यावर वजन सुमारे सव्वा ग्रॅमने कमी दिसतं. मुलं वाचन घेतात, नियम खोटा ठरतो, आणि शिक्षक "काटा खराब आहे" म्हणून मोकळे होतात. काटा चांगला असतो. न फुगणारी, घट्ट झाकणाची बाटली घ्यावी आणि सोडा अगदी थोडा, चिमूटभर घालावा.

पाणी साखरेत जातं तेव्हा

काहिलीतला बदल बहुतांशी भौतिक म्हटलं, पूर्ण नाही. रस आंबूस असतो, आणि आंबूस द्रवात उकळताना साखर थोडी फुटते. साखरेच्या ३४२ भागांना पाण्याचे १८ भाग लागतात आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज मिळून ३६० भाग तयार होतात. समजा एका आदणात अशी ९ किलो फुटीर साखर झाली, तर तिच्यातलं जवळजवळ ४५० ग्रॅम हे मुळात पाणी होतं. हे पाणी ओलावा तपासताना सापडत नाही. कितीही वाळवा, ते उडणार नाही, कारण ते आता पाणी राहिलेलं नाही. कोरड्या ऐवजाच्या हिशेबात त्यामुळे अर्धा किलोभर वाढ दिसू शकते, आणि ज्याला हे माहीत नाही तो म्हणेल साखर कुठून आली.

चुना घालतात तो हा आंबूसपणा मारण्यासाठीच. चुन्यातलं कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटला धरतं, त्याचा साका होतो आणि मळीबरोबर निघून जातो. म्हणजे काहिलीत घातलेला चुना बराचसा मळीत सापडेल, थोडा गुळात. रंग उजळायला काही जण हायड्रोस पावडर टाकतात, तिची गोष्टही तीच. पिवळाधमक रंग दिसला म्हणून पावडरीतलं गंधक संपलं असं नाही. काही वायू होऊन उडतं, काही ढेपेत बसतं आणि खाणाऱ्याच्या पोटात जातं. रंग तर काही दिवसांनी पुन्हा काळवंडतोच.

राहिले १० किलो

शेतकऱ्याची ४० किलोंची तक्रार मिटली, गुळव्यावरचा संशयही गेला. पण मूळ दुखणं होतं ते १२० चे ११० का झाले हे. त्याला आता नियमाकडूनच उत्तर हवं होतं, आणि ते मिळण्यासारखं नव्हतं. उसात आलेलं द्रव्य कुठेच जात नाही, हे नियम सांगतो. उसात किती साखर यावी, हे तो सांगत नाही.

हिशेब मात्र उलटा करता येतो. रस ६०० किलोच, पण ब्रिक्स १८ ऐवजी १९.५ असता तर ऐवज ११७ किलो झाला असता. मळीचे ४ वजा करून ११३, आणि त्यात तेवढाच ओलावा धरला की गूळ ११९.६ किलो. म्हणजे दीड ब्रिक्सच्या फरकात १० किलोंचा सगळा फरक बसतो. ऊस कोवळा तोडला, तोडणीआधी पाणी दिलं, जात बदलली, यांतलं काहीही ब्रिक्स तेवढा खाली आणू शकतं. घाण्याच्या लाटा ढिल्या पडून रस कमी निघाला तरी उतारा पडतो, पण या वर्षी रस ६०० होता हे वहीत आहे.

गेल्या वर्षीच्या वहीत टनाचा आकडा आहे आणि गुळाचा आहे. रस किती, त्याचा ब्रिक्स किती, हे कोणी लिहिलेलं नाही. हातात धरून रसाचा एक थेंब तपासून ब्रिक्स सांगणारं यंत्र एरवी मालकाच्या कपाटातच पडून असायचं. पुढच्या हंगामात प्रत्येक आदणाला रस काहिलीत पडण्याआधी ब्रिक्स घ्यायचा आणि ज्याचा ऊस त्याच्यासमोर भिंतीवर खडूने लिहायचा, असं दोघांत ठरलं. गाळपाचे पैसे शेतकऱ्याने त्याच दिवशी चुकते केले, पाच रुपये सूट मागून.